ते गोंडे शोभेचे नव्हते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला प्राचीन हिब्रू लोकांच्या वस्त्रांवरचा लेख दोनदा वाचला. आमच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, घरात तुमचा पेपर आजोबांपासून येतोय, त्यामुळे हा विषय घेतलात याचा आनंद खरंच झाला, पण "वस्त्राच्या चारी टोकांना शोभेचे गोंडे लावत" हे वाक्य वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही म्हणून आज सकाळी उठून आधी हे टाइप करायला घेतलं. शोभेचे कसे हो?

1987 ची गोष्ट. आम्ही तेव्हा ठाण्याला राहायचो. बाबांची प्रार्थनेची शाल, आमच्याकडची जुनी माणसं तिला सिसिथच म्हणायची, ती आईने योम किप्पूरच्या, म्हणजे आमच्या उपवासाच्या आणि प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, आधी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत दिली. दरवेळी आई घरीच धुवायची, त्या वर्षी तिचा हात दुखत होता. लाँड्रीवाल्याने शाल स्वच्छ धुतली, कडक इस्त्री केली आणि चारी कोपऱ्यांना लोंबणारे दोरे, म्हणजे तुमच्या लेखातले गोंडेच, सुटलेत असं समजून कात्रीने अगदी कडेला लावून कापून टाकले. वर आईला म्हणाला, वहिनी, दोरे निघाले होते, नीट करून दिलंय, त्याचे पैसे नाही लावले. त्याला दोष नाही देत मी, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बाबांनी घरी आल्यावर शाल उघडली, एक कोपरा हातात घेतला, मग दुसरा, मग तिसरा, चौथा बघितलाच नाही. घडी घालून कपाटात ठेवली आणि त्या योम किप्पूरला दुसऱ्याची शाल मागून घेतली. कापड तर धडधाकट होतं ना, एक भोक नाही, डाग नाही, पण दोरे गेले म्हणजे ती शाल प्रार्थनेच्या कामाची राहिली नाही. शोभेचे असते तर एवढं काय बिघडलं असतं?

प्रत्येक कोपऱ्याला एक छिद्र, त्यातून चार दोरे ओवून दुमडले की आठ टोकं होतात, मग पाच गाठी आणि मधे मोजून घेतलेले वेढे. बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायात सरळ लिहिलंय की हे कशासाठी, तर त्यांच्याकडे बघा आणि परमेश्वराच्या सगळ्या आज्ञा आठवा. आपण पदराला गाठ मारतो ना लक्षात राहावं म्हणून, तसं. आणि त्यात एक दोरा निळा, तेखेलेत, समुद्रातल्या गोगलगायीच्या रसाने रंगवलेला. तो रस आधी जांभळा चढतो, रंगाच्या भांड्याला ऊन लागलं की निळा होतो. पुढे हा रंग करायची विद्याच हरवली आणि शेकडो वर्षं दोरे पांढरेच बांधले गेले, बाबांचेही पांढरेच होते. तुमच्या लेखकांनी या निळ्या दोऱ्याचा उल्लेखसुद्धा केला नाही याचं फार वाईट वाटलं.

दावीद आणि शौलाची गोष्ट लेखात एका ओळीत उरकलीय, "दावीदने राजाच्या झग्याचा तुकडा कापून पराक्रम दाखवला". अहो, पराक्रम नाही! दावीदच्या जिवावर उठलेला राजा शौल एन-गेदीच्या गुहेत एकटा सापडला, दावीदने त्याला हात लावला नाही, फक्त झग्याचं टोक हळूच कापलं, आणि लगेच पुढचं वाक्य आहे की त्याचं मन त्याला खाऊ लागलं. कापडाचा एवढासा तुकडा, मग मन का खाईल? कारण तिथे मूळ हिब्रू शब्द कानाफ आहे, गोंडे जिथे बांधायचे त्या टोकाला जो शब्द तोच. बायबलातली विधवा रूथ बवाजाला लग्नासाठी गळ घालताना म्हणते तुझा कानाफ माझ्यावर घाल, तिथेही तोच, त्याचा अर्थ पंखसुद्धा होतो. त्या काळात वस्त्राचं टोक म्हणजे तो माणूसच. त्याहून जुन्या, आजच्या सीरियातल्या मारी शहराच्या मातीच्या पाट्यांमध्ये तर भविष्य सांगणाऱ्याचे केस आणि वस्त्राची किनार कापून राजाकडे पाठवल्याच्या नोंदी आहेत, ओळख म्हणून. लाँड्रीवाल्याने कापले तेव्हा बाबांचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलंय, त्यामुळे मला दावीदचं मन समजतं.

प्रमुख याजकाचा "रत्नजडित थाट" यावर मात्र अर्धं पान. गौरव आणि शोभा हे शब्द बायबलातल्या निर्गम पुस्तकात आहेत, मान्य. पण ऊरपटावरच्या, म्हणजे छातीवर बांधायच्या पट्टीवरच्या, 12 रत्नांवर इस्राएलाच्या 12 वंशांची नावं कोरलेली होती, खांद्यांवरच्या दोन मण्यांवर सहा-सहा नावं, म्हणजे तो आत जाताना सगळ्या लोकांना छातीवर आणि खांद्यावर घेऊन जायचा. आणि वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, योम किप्पूरला, मंदिराच्या सगळ्यात आतल्या परमपवित्र स्थानात जाताना हे सोनं, घुंगरं, डाळिंबं सगळं उतरवून साधी पांढरी वस्त्रं घालायची, असं बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात आहे. हे न लिहिता थाट कसला सांगता?

ती पांढरी वस्त्रं "तागाची" हेही तसंच. जुन्या मराठी भाषांतरातून आलेला शब्द आहे, पण आज ताग म्हटलं की माणसाला गोणपाट दिसतं. ते लिनन, जवसाच्या झाडाच्या खोडातलं सूत. आणि शोक करताना नेसायचं ते गोणपाट वेगळंच, बहुधा बकरीच्या केसांचं. याकोबाने आपल्या मुलाचा, योसेफाचा, रक्ताने भरलेला अंगरखा बघून कपडे फाडले आणि कमरेला गुंडाळलं ते हे. दोन्ही शब्द शेजारी आले की वाचकाने काय समजायचं?

थाटावर खर्च झालेल्या जागेत मेत्साद हशाव्याहू या इस्रायलमधल्या जुन्या किल्ल्यात सापडलेलं लिहिलेलं खापर आलं असतं तर किती बरं झालं असतं. 1960 मध्ये सापडलं, इसवी सनापूर्वी सातव्या शतकातलं. एका कापणी करणाऱ्या मजुराने अधिकाऱ्याकडे देण्यासाठी लिहवून घेतलेली तक्रार आहे, मी माझं काम पुरं केलं तरी होशायाहू नावाच्या माणसाने माझं वस्त्र काढून नेलं, माझ्याबरोबर कापणी करणारे साक्ष देतील, वस्त्र परत द्या. गहाण घेतलेलं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत करा, नाहीतर तो गरीब कशात झोपेल, असं निर्गमात आहेच. धर्म कपड्यात कुठे होता ते इथे दिसतं.

आता फोटो. काळा लांब कोट, काळी हॅट, आणि खाली "प्राचीन हिब्रू धर्मगुरू". हा पोशाख गेल्या काही शतकांतल्या पूर्व युरोपातला आहे, मोशे-अहरोनाचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि आमच्या अलिबाग-रेवदंड्याच्या पूर्वजांनीही तो कधी घातला नाही. दुरुस्ती छापा, आतल्या पानावर कोपऱ्यात नको, पुरवणीतच छापा.

आणि जांभळ्या पट्टीवर पांढरी बारीक अक्षरं कृपा करून बंद करा, मला भिंग घेऊन बसावं लागलं.

बाबांच्या शालीला पुढे इस्रायलहून आलेल्या मावशीने आणलेले दोरे आमच्या प्रार्थनामंदिरात प्रार्थना म्हणणाऱ्या हझानकाकांनी बांधून दिले, बाबा शेजारी बसून प्रत्येक वेढा मोजत होते. 2009 ला ते गेले तेव्हा त्याच शालीत त्यांना गुंडाळलं आणि रिवाजाप्रमाणे एका कोपऱ्याचे दोरे कापले, कारण गेलेल्या माणसावर आज्ञांचं बंधन राहत नाही. ते कापलेले दोरे माझ्याकडे आहेत. लेखकांना बघायचे असतील तर कधीही घरी यावं, पत्ता तुमच्या ऑफिसात आहे.

आपली,
एक जुनी वाचक