पॅरिसहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी अगदी मजेत आहे. थंडी कडक आहे, पण चादर आपल्या सोलापूरची आहे. शेंगाची चटणी अजून पुरतेय, तेव्हा आईने जेवणाचा घोर लावून घेऊ नये.

इथे दुकानात शिरलं की आधी ‘बोंजूर’ म्हणावंच लागतं. ते न म्हणता पाव मागितला तर बाई ऐकूनच घेत नाही. आधी स्वतः बोंजूर म्हणते, थांबते, आपण म्हटलं की मगच पावाला हात लावते. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला म्हणायचं, दवाखान्यात बाकावर बसलेल्या अनोळखी पेशंटांनाही म्हणायचं. संध्याकाळ झाली की ‘बोंस्वार’. निघताना पुन्हा निरोपाचं वेगळं. सुरुवातीला जीव दडपायचा, आता आपसूक तोंडात येतं.

माझ्या सिनेमाचं ऐकून बाबा फोनवर म्हणाले, हिरो नसलेला सिनेमा बघणार कोण, आणि त्यावर पोट कसं भरणार? तेव्हा मी घाईत होते, म्हणून आता लिहिते. इथे आन्येस वार्दा नावाच्या बाई होऊन गेल्या. मूळच्या फोटोग्राफर. 1954 मध्ये स्वतःची कंपनी काढून पहिला सिनेमा केला. पगार द्यायला पैसे नव्हते, म्हणून काम करणाऱ्यांनाच भागीदार करून घेतलं. पुढे मुलगा लहान, लांब जाता येईना, तेव्हा घरच्या मीटरवरून वायर ओढली आणि ती पोचेल तेवढ्याच गल्लीत ‘दागेरोटाइप’ हा सिनेमा केला. खाटीक, शिंपी, पाववाला, सगळे रोजच्या ओळखीचे. अत्तराच्या दुकानातली म्हातारी तिन्हीसांजेला उठून दारापाशी जाते, तिला बाहेर पडायचं असतं. तो भाग मी पुन्हा पुन्हा लावून बघते. आजी हल्ली संध्याकाळी दारात बसते, असं आई म्हणाली होती ना?

सत्तरी ओलांडल्यावर हातात मावणारा कॅमेरा घेऊन त्या सरवा वेचणाऱ्यांच्या मागे हिंडल्या. काढणीनंतर शेतात टाकून दिलेले बटाटे गोळा करणारी माणसं. आजी मंगळवेढ्याच्या शिवारात ज्वारीचा सरवा वेचायची, तिला हे नक्की सांगा. बाईंना 1985 मध्ये व्हेनिसचा गोल्डन लायन मिळाला, 2017 मध्ये मानाचा ऑस्कर. 2019 मध्ये वारल्या, तोवर काम सुटलं नव्हतं. म्हणजे बाबा, हे खूळ नाही, आयुष्यभराचं काम आहे. मलाही आपल्या पूर्व भागातले माग, टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या बायका, चहाची टपरी, एवढंच घेऊन सिनेमा करायचाय. वायर आपल्याच घरातून ओढेन, बिल मी भरीन.

सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला येणं जमणार नाही. नंदीध्वजांची मिरवणूक दादाने व्हिडिओ कॉलवर दाखवावी. मे महिन्यात नक्की येते.

या महिन्यात वीस हजार पाठवलेत. मागच्यापेक्षा कमी आहेत, कळतंय मला. इथे संकलनाचं काम मिळालंय, पैसे पुढच्या महिन्यात येतील. तोवर कर्जाचा हप्ता थकू देऊ नका, बाबांनी ओव्हरटाइमही करू नये. बार्शीच्या स्थळाला माझ्याकडून नाही कळवा, पण नीट शब्दांत, ती माणसं चांगली आहेत. आणि थोरलीचं व्हायचंय म्हणून धाकटीचं अडवू नका. तिचं जमत असेल तर मेमधलीच तारीख धरा, हॉलचा खर्च माझ्याकडे. काकू काय म्हणतील ते मी आल्यावर ऐकून घेईन.

बाबांची बीपीची गोळी चुकवू नये. पैसे जमा झाले की दादाला मेसेज टाकायला सांगा.

तुमची,
थोरली