'वन लव्ह'मधला दुसरा माणूस

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जमैकाच्या बॉब मार्ले या गायकावरचा लेख दोनदा वाचला. मराठी पेपरात जमैकाच्या गाण्यावर पानभर मजकूर आला, याचा मला फार आनंद झाला. पण 'वन लव्ह' हे गाणं सर्वस्वी मार्लेचं आहे, असं एक वाक्य त्यात आहे. त्या वाक्यासाठी हे पत्र. १९७७ च्या 'एक्सोडस' अल्बममध्ये हे गाणं ज्या रूपात आहे, त्यात अमेरिकेतल्या शिकागोच्या कर्टिस मेफिल्ड या गायकाचं 'पीपल गेट रेडी' मिसळलेलं आहे. आज ते दोन्ही नावं जोडूनच छापलं जातं. मेफिल्डचं गाणं १९६५ चं, त्याच्या 'द इम्प्रेशन्स' या गटाने गायलेलं.

नागपूरच्या बर्डीवर माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. १९८६ साली अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधले एक गृहस्थ टू-इन-वन घेऊन आले. बेल्ट सैल झाला होता. तो बदलला, हेडवरून स्पिरिटचा बोळा फिरवला आणि चालवून बघायला त्यांच्याच पिशवीतली कॅसेट लावली. कुणीतरी रेकॉर्डवरून उतरवलेली, वरच्या कागदावर पेनने फक्त 'इंग्लिश' लिहिलेलं.

त्यात तीन आवाज होते. एक उंच आणि पातळ, जोर न करता वर गेलेला. दुसरा त्याच्या खाली, तिसरा जमिनीलगत. एकाने ओळ सुरू करायची, दुसऱ्याने ती अर्ध्यात उचलायची, शेवटचा शब्द तिघांनी मिळून ठेवायचा. माझे वडील काटोलकडच्या आमच्या गावात खडी गंमतीत झील धरायचे. शाहिराची ओळ संपता संपता झीलकऱ्यांनी ती उचलायची, ही आमच्याकडची रीत. इथे मात्र शाहीर कोण आणि झीलकरी कोण, तेच कळेना. त्या गृहस्थांना सांगून मी कॅसेट उतरवून घेतली. गाणारे कोण, हे कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. ते होते कर्टिस मेफिल्ड, फ्रेड कॅश आणि सॅम गुडन.

नाव नसण्याचा हा प्रकार जमैकाच्या गाण्यात सुरुवातीपासून आहे, म्हणून हे सांगतो. १९५० च्या दशकात जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, घरोघरी रेडिओ नव्हते. ज्यांच्याकडे होते, त्यांना रात्री अमेरिकेतल्या मायामी, न्यू ऑर्लिन्सची स्टेशनं लागायची. मीडियम वेव्हचं तसंच असतं. दिवसा लहरी आकाशातल्या खालच्या थरात विरून जातात. रात्री तो थर नाहीसा होतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो मैल लांब पोचतात. बाकीच्या लोकांसाठी साउंड सिस्टिम होती, म्हणजे मोकळ्या जागेत मोठाले स्पीकर लावून रेकॉर्ड वाजवायच्या. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे त्यातले दोन मोठे मालक. अमेरिकेहून आणलेली चांगली रेकॉर्ड दुसऱ्याला मिळू नये म्हणून हे लोक तिच्यावरचं लेबल खरवडून टाकायचे. गाणं सगळ्या वस्तीच्या तोंडी, आणि गाणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही.

पुढे याच दोघांनी स्टुडिओ काढले. रीडचा 'ट्रेझर आयल' बाँड स्ट्रीटवर, त्याच्या दारूच्या दुकानाच्या वर. १९६६ च्या सुमारास 'स्का' या तिथल्या नाचाच्या संगीताची धावती लय मंदावून 'रॉकस्टेडी' हा संथ प्रकार आला. माझ्या मते सोलचा, म्हणजे इम्प्रेशन्स गायचे त्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीताचा, खरा शिरकाव इथे झाला, कारण लय संथ झाली की गळ्याला जागा मिळते. १९६७ साली 'द टेक्निक्स' या जमैकाच्या गटाने रीडकडे 'क्वीन मॅजेस्टी' गायलं. ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली सोल्डरिंग आयर्न खाली ठेवली. माझ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचंच गाणं होतं ते, इम्प्रेशन्सचं 'मिन्स्ट्रेल अँड क्वीन'. तोच उंच पातळ सूर, फक्त खाली बेस जाडजूड झालेला आणि गिटार ऑफबीटवर, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे. याला मी नक्कल म्हणणार नाही. आपल्याकडे एकच अभंग दोन गावांत दोन चालींवर गातात, तसं आहे ते.

मार्लेच्या 'वेलर्स' या गटाचंही हेच. किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊन वस्तीतल्या अंगणात जो हिग्स या गायकाने मार्ले, पीटर टॉश आणि बनी वेलर यांच्याकडून आवाज जुळवून घेतले, आणि त्यांच्यासमोर नमुना होता इम्प्रेशन्सचा. तिकडे जमैकाच्याच टूट्स हिबर्टचा गळा ऐकला की अमेरिकेतला सोल गायक ओटिस रेडिंग आठवतो. लहानपणी चर्चमध्ये गाणारा हा हिबर्ट पुढे १९८८ साली 'टूट्स इन मेम्फिस' हा अख्खा अल्बम सोलच्या गाण्यांचा करतो, तेव्हा ते उसनं वाटतच नाही.

मेफिल्डबद्दल एवढं कळकळीने लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. १९९० साली ब्रुकलिनमध्ये उघड्यावरच्या कार्यक्रमात स्टेजवरचा दिव्यांचा सांगाडा त्याच्या अंगावर कोसळला. मानेखालचं शरीर लुळं पडलं, गिटार कायमची सुटली. तरी त्याने १९९६ मध्ये 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' अल्बम केला. पाठीवर पडून, छातीत दम मिळेल तसा, एकेक ओळ रेकॉर्ड करत. १९९९ च्या डिसेंबरात तो गेला. तो अल्बम मी दुकानात गिऱ्हाईक असताना लावत नाही. शटर अर्धं ओढल्यावर ऐकतो.

तुमचा लेख मला पहिल्यांदा दाखवला तो ब्लूटूथ स्पीकर दुरुस्तीला आणणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाने. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला होता त्याने. मी त्याला मेफिल्डचं नाव सांगितलं, तर म्हणाला, "काका, पेपरात तर नाही लिहिलं तसं." म्हणून विनंती आहे की येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्तीच्या दोन ओळी छापाव्यात, आणि त्यात कर्टिस मेफिल्ड हे नाव पूर्ण लिहावं. शोधताना त्याला तेवढंच लागेल.

आपला,
एक रेडिओ मेकॅनिक, सीताबर्डी, नागपूर