पोषणशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. मानवी पोषण आणि आरोग्य या विषयातली माझी पदवी पूर्ण झाली. फोनवर तुम्हाला सांगितलंच, पण तेव्हा ‘थँक्यू मॅडम’च्या पुढे शब्दच फुटले नाहीत. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं. या पदवीला प्रवेश घ्यावा का, त्यात नेमकं काय शिकवतात, असं बरेच जण विचारत असतात. मला काय मिळालं आणि कुणामुळे मिळालं, हे त्यांनाही कळावं.

काय खावं आणि काय खाऊ नये याची यादी शिकायला मिळेल, अशा समजुतीने बहुतेक जण इथे येतात. समोर येतं ते जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, संख्याशास्त्र. पहिल्या वर्षी आमच्यातल्या अनेकांचे चेहरे पडले होते. शाखा बदलावी असं माझ्याही मनात घोळत होतं. तेव्हा तुम्ही तास संपल्यावर थांबायला लागलात. वेळापत्रकात नसलेला तो वेळ तुम्ही दिला नसता तर मी आज हे पत्र लिहीत नसते.

चयापचयाची चक्रं तुम्ही फळ्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधी काढली नाहीत. आजाराच्या टोकाकडून आत शिरलात. बेरीबेरीच्या, म्हणजे थायामिन (ब१ जीवनसत्त्व) कमी पडून होणाऱ्या आजाराच्या, रुग्णाच्या पायांतलं बळ का जातं, त्याला धाप का लागते, हा प्रश्न आधी. मग ग्लुकोजचं पायरुव्हेट होतं, पायरुव्हेटचं अ‍ॅसिटिल को-ए (ऊर्जा बनण्याच्या वाटेवरची पुढची पायरी) व्हायला थायामिन लागतं, ते नसलं की गाडं तिथंच अडतं आणि पायरुव्हेट लॅक्टिक आम्लाकडे वळतं. ज्यांना क्षणभरही ऊर्जेवाचून चालत नाही ते मज्जातंतू, मेंदू आणि हृदय आधी कोलमडतात. तिथून थेट दवाखान्यातल्या खाटेपाशी नेलंत: फार काळ उपाशी राहिलेल्या माणसाला थायामिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका का असतो? उत्तर आम्हीच दिलं. पाठ केलेलं नव्हतं, समजलेलं होतं. त्या संध्याकाळनंतर मला या विषयाची भीती वाटली नाही.

त्याच ओघात तुम्ही आइकमान या डच डॉक्टरांच्या कोंबड्यांची गोष्ट सांगितलीत. १८९० च्या दशकात जावा बेटावर नुसत्या पॉलिश केलेल्या तांदळावर वाढणाऱ्या कोंबड्या बेरीबेरीसारख्याच आजाराने लंगडायला लागल्या आणि तांदळाचा कोंडा दिल्यावर बऱ्या झाल्या. निरीक्षण अचूक होतं. त्यावरून आइकमान यांनी काढलेला अर्थ असा, की तांदळात काहीतरी विषारी आहे आणि कोंडा हा त्यावरचा उतारा. विष वगैरे काही नाही, शरीराला लागणारं काहीतरी आहारात कमी पडतंय, असं १९०१ मध्ये मांडलं ते त्यांचे सहकारी ग्राइन्स यांनी. आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं असं तुम्ही ठासून सांगितलंत. डोळ्यांना दिसलेलं खरं असूनही त्याचं कारण भलतंच निघू शकतं, हे तुम्ही पुढे प्रत्येक तासाला कुठून ना कुठून आणत राहिलात.

पण मी सर्वांत जास्त ऋणी आहे ती ट्वेंटी-फोर अवर रिकॉलच्या प्रात्यक्षिकासाठी. गेल्या चोवीस तासांत समोरच्याने काय खाल्लं-प्यायलं ते त्याच्याकडून काढून घ्यायचं. ऐकायला किती सोपं! तुम्ही स्वतः रुग्ण होऊन समोर बसायचात आणि आम्ही एकेक जण प्रश्न विचारायचो. ‘सकाळी नाश्त्याला काय घेतलं?’ असं कुणी विचारलं की तुम्ही हात वर करून थांबवायचात. नाश्ता केलाच पाहिजे असं त्या प्रश्नातच आहे, न करणारा माणूस काहीतरी नाव सांगून मोकळा होईल. ‘उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं?’ असं विचारा. मग मध्ये न तोडता सगळं बोलू द्या. मग मागे जा: त्याच्यासोबत काही होतं का, वरून काही घातलं होतं का, चालता-बोलता काही तोंडात टाकलं का, पाण्याशिवाय काय प्यायलात. शेवटी मापं, म्हणजे टेबलावरच्या वाट्या आणि चमचे पुढे करून ‘यातल्या कुठल्याएवढं?’. आणि या सगळ्यात चेहरा कोरा. ‘अरे वा’ नाही की भुवई वर जाणं नाही. एकदा कौतुक केलं की पुढचं उत्तर आपल्याला आवडेल असंच येतं, हे तुम्ही आमच्यावरच करून दाखवलंत.

लोक सांगतात त्यापेक्षा जास्त खातात, यावर वर्गात हशा पिकला होता. तुम्ही हसला नाहीत. हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड समस्थानिकं (त्याच मूलद्रव्यांचे वजनाने जड अणू) असलेलं पाणी पाजून, नंतर लघवीच्या नमुन्यांतून माणसाने किती ऊर्जा खर्च केली ते मोजता येतं. त्या मोजमापाशी ताडून पाहिलं की स्वतःच्या तोंडाने सांगितलेला आहार पुन्हा पुन्हा कमी भरतो, हे तुम्ही समजावलंत. आणि मग म्हणालात, ‘याला खोटं बोलणं म्हणायचं नाही. विसरणं असतं, अंदाज चुकणं असतं, लाज असते. लाज कमी करणं आपल्या हातात आहे.’ माझ्या वहीच्या त्या पानावर फक्त हे शेवटचं वाक्य आहे.

कॅलिपरने (चिमट्यासारख्या मापकाने) त्वचेच्या घडीची जाडी मोजायला शिकवलंत तेव्हाही तसंच. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्यातला मध्य टेपने काढायचा, घडी चिमटीत धरून ठेवायची, कॅलिपरची मूठ सोडल्यावर साधारण दोन सेकंदांनी आकडा वाचायचा. हे सगळं पुस्तकात आहे. हात लावण्याआधी विचारायचं आणि आकडा मोठ्याने बोलायचा नाही, हे तुमचं.

आमच्या अहवालांतलं एकच क्रियापद तुम्ही लाल शाईने अधोरेखित करायचात. ‘मुळे होतो’ दिसलं की समासात ‘कशावरून?’. ही किरकिर नव्हे हे बीटा-कॅरोटीनचा (शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व बनतं त्या फळं-भाज्यांतल्या रंगद्रव्याचा) इतिहास वाचल्यावर पटलं. फळं-भाज्या जास्त खाणाऱ्यांत, रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी दिसत होता. गोळी दिली तर संरक्षण मिळेल, असं वाटणं स्वाभाविक होतं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, १९९४ मध्ये निष्कर्ष आले, आणि बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. आता कुणी मला एखाद्या पावडरीचे गुण सांगायला लागलं की माझ्या तोंडून आपोआप तुमचाच प्रश्न निघतो. घरचे वैतागतात, पण मला या सवयीचा अभिमान आहे.

मिनेसोटातल्या उपासमारीच्या प्रयोगाबद्दल तुम्ही लावलेला अख्खा तासही मी विसरणार नाही. १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने पुढे आले आणि सुमारे सहा महिने त्यांना निम्म्या आहारावर ठेवलं गेलं. वजनं घटली ती घटलीच, पण दिवसरात्र अन्नाचेच विचार, पाककृतींची पुस्तकं चाळत बसणं, चिडचिड, माणसांपासून तुटणं हेही आलं. ‘मनाचा निग्रह नाही’ हे वाक्य आमच्या तोंडी कधी येऊ नये म्हणून तुम्ही हे शिकवलंत, असं मला वाटतं. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने तो प्रयोग सावकाश वाचावा.

आणखी एक. नुसत्या पदवीवर रुग्णांना आहारोपचार देता येत नाहीत, बहुतेक देशांत त्यासाठी देखरेखीखालचं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते, हे तुम्ही शेवटच्या वर्षाची वाट न पाहता आधीच स्पष्ट सांगितलंत. काही जण नाराज झाले. पण त्यामुळे आम्हाला वेळेवर ठरवता आलं: कुणी सार्वजनिक आरोग्याकडे गेलं, कुणी अन्नउद्योगात, मी रुग्णालयाची वाट धरली. अर्ज भरताना माझा प्रत्येक मसुदा तुम्ही वाचलात आणि प्रत्येक वेळी तो अर्धा केलात!

पुढच्या महिन्यात माझं प्रशिक्षण सुरू होतंय. पहिली नेमणूक मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या विभागात आहे. पोटॅशियम आणि फॉस्फरसच्या तुमच्या टिपणांची प्रत काढून घेतली आहे. मूळ वही तुमच्या टेबलावर ठेवली आहे. नव्या तुकडीच्या प्रात्यक्षिकात रुग्ण म्हणून बसायला कुणी हवं असेल तर मला नक्की कळवा, सुट्टी काढून येईन.

तब्येतीची काळजी घ्या.

तुमची विद्यार्थिनी