पळसाची चित्रं माजघरात लाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पत्र आणि चित्रांच्या मापांची यादी मिळाली. प्रदर्शन शहरात न नेता गावातल्या जुन्या वाड्यातच मांडतो आहेस, हे फार चांगलं झालं. फक्त निसर्ग, साहित्य आणि विधी असे तीन कप्पे करू नकोस. शिमग्याच्या आधी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर फुललेला पळस, खांदेशेकणीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, बैलाच्या खांद्यावर तूप-हळद लावणारं पळसाचं पान आणि पोळ्याला दाराशी ठेवलेले मेढे, म्हणजे पळसाच्या फांद्या, हे सगळं एकाच झाडाचं आहे. ती चित्रं शेजारी शेजारी लागली की गावातल्या कुठल्याही बाईला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

मांडणी उजेडाकडे बघून ठरव. धवळ्यांची चित्रं तू गेरू, चुना आणि काजळीत केली आहेस. हे रंग उजेडाला दाद देत नाहीत, म्हणून ती ओसरीवर येऊ देत. धवळे ही लग्नात वरासाठी गायची गाणी. तेराव्या शतकात महानुभाव कवयित्री महदंबेनं रिद्धपूरला पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नसोहळ्यात ती रचून गायिली, आणि त्यात लग्न आलं ते रुक्मिणीचं, म्हणजे वर्धेकाठच्या आपल्या कौंडण्यपूरचं. दारातून आत येणाऱ्याला पहिलं हेच दिसावं. चित्राखाली लांबलचक परिचय नको. एकच ओळ, हातानं, निदान अडीच सेंटिमीटर उंचीच्या अक्षरात लिही. म्हाताऱ्या माणसांना चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजे.

पळसाच्या फुलांच्या रंगानं केलेली चित्रं मात्र माजघरातच. हा रंग उन्हात टिकत नाही. खात्री करायची तर एका कागदावर रंगाचा पट्टा ओढ, अर्धा काळ्या कागदानं झाक आणि दक्षिणेच्या खिडकीत पंधरा दिवस ठेव. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरलास की फरक दिसेल. माजघरात कमी वॅटचा पिवळसर एलईडी पुरतो. तो वरून तिरपा पडू दे, समोरून मारलास तर काचेत बघणाऱ्याचंच तोंड दिसेल.

पळसाचा रंग मळकट येतो म्हणतोस, तर भांडं तपासून घे. लोखंडी कढईत फुलं उकळली की लोखंड रंगात उतरतं आणि केशरी काळपट होतो. स्टीलचं किंवा मातीचं भांडं घे. वाळलेली फुलं 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर; रात्रभर भिजवायची, सकाळी मंद आचेवर पाणी निम्मं होईपर्यंत आटवायची आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायची. चिमूटभर तुरटीनं रंग पिवळ्याकडे जातो, चुन्याच्या निवळीनं केशरी गडद होतो. निवळी थेंबाथेंबानं घाल, एकदम ओतलीस तर तो रंग मागे येत नाही.

दोन चित्रांवर पोपडे सुटताहेत, ते डिंक जास्त झाल्यामुळे. घट्ट डिंक वाळताना आकसतो आणि कागदापासून उचलला जातो. उलट डिंक कमी पडला तर बोट फिरवताच भुकटी हाताला लागते. बाभळीचा डिंक 50 ग्रॅम, पाणी 100 मिलिलिटर, रात्रभर भिजवून गाळून घे आणि बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाक. एवढा डिंक तयार ठेवायचा, पण रंगात घालायचा तो थोडाथोडाच. सुटलेल्या पोपड्यावर नव्यानं रंग चढवू नकोस. चित्र आडवं ठेव, अगदी पातळ डिंक बारीक कुंचल्यानं पोपड्याखाली सोड, वर बटर पेपर आणि त्यावर हलकं वजन. रात्रभर हात लावू नकोस.

मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, चित्राचा भार आला की लिंपणासकट निघून येतो. तुळईवरून बारीक तार सोड आणि प्रत्येक चित्र दोन ठिकाणी अडकव, एकाच तारेवर ते वाऱ्यानं फिरतं. नायलॉनची दोरी ताणत जाते, ती नको. चित्राचा मध्य गॅलरीत साधारण 145 सेंटिमीटरवर ठेवतात. तुझ्याकडे पोरंसोरं येतील, बाया खाली बसून बघतील, म्हणून 130 वर घे. चौकटीमागे बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून दोन सेंटिमीटर अंतर सोड. ओल त्यानं लागत नाही आणि उधई चढली तर तिच्या मातीच्या रेघा लगेच दिसतात. रोज सकाळी मागून बॅटरी मारून बघ. कागद माउंटवर चिकटवायला सेलोटेप नको, तो पिवळा पडून कागद खातो. गव्हाची खळ घे, पण बाइंडिंगवाले घालतात तसं मोरचूद (निळा तांब्याचा क्षार) तिच्यात घालू नकोस, त्याचे डाग कागदावर उमटतात.

एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून त्यात भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पोरी गाणी म्हणत पूजतात त्या पार्वती-शंकराच्या मूर्ती, मांडायचं तुझ्या मनात आहे, ते करू नकोस. भुलाबाई बसते भाद्रपदाच्या पौर्णिमेला आणि कोजागिरीला उठते. तुझं प्रदर्शन फाल्गुनात. अवेळी बसवलेली भुलाबाई पोरींना खोटी वाटेल, आणि गाण्यांनंतर झाकून आणलेला खाऊ ओळखायचा असतो, तो ओळखायला तिथं कोणी बसणार नाही. शिवाय धांड्यांत किडे असतात, ते थेट कागदात शिरतील. भुलाबाईचं चित्र आहेच तुझं, निळ्या रात्रीचं. ते माजघराच्या शेवटच्या भिंतीवर एकटं लाव, दोन्ही बाजूंनी हात-हातभर जागा मोकळी सोडून.

पळसाच्या दोन पट्ट्या, एक तुरटीची आणि एक निवळीची, पाकिटातून पाठव. खिडकीतला प्रयोग मी इकडेही लावून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र