यादीतली शेवटची ओळ

प्रिय चिमे,

गेमसाठी नवा कॉम्प्युटर जोडायचा म्हणून तू केलेली भागांची यादी मिळाली. रात्री सव्वाअकराला पाठवलीस आणि खाली लिहिलंस, ‘आई, फक्त हो म्हण.’ हो म्हणणारच आहे, पण नुसतं हो म्हणून मोकळी होणार नाही. यादी तीनदा वाचली. बाबांनाही दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ‘यात कीबोर्ड कुठंय?’ एवढंच विचारलं.

यादी कुठल्या क्रमानं लिहिलीस, त्यावरूनच पैसे कसे वाटलेस ते कळतं. सगळ्यात वर सोळा कोरचा प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, मग लिक्विड कूलर, मग रंगीत दिव्यांचे सहा पंखे, काचेचं कॅबिनेट... आणि अगदी तळाशी, उरल्यासुरल्या पैशात, ‘एसएमपीएस ६५० वॅट, कुठलाही’, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. मी त्या ‘कुठलाही’पासून सुरुवात करते.

तुझ्या जन्माआधीची गोष्ट. मी स्वतःच्या हातानं असेंबल केलेला पहिला कॉम्प्युटर. सगळे पैसे प्रोसेसर आणि कार्डात घातले आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर जो आला तोच ठेवला. स्टिकरवर ४५० वॅट लिहिलेलं. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. हलका म्हणजे नवीन तंत्राचा असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. दीडेक वर्षानं एका संध्याकाळी टेबलाखालून ‘फट्’ असा आवाज आला आणि खोलीभर आंबूस, जळका वास पसरला. एसएमपीएस गेला तो गेलाच, जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क सोबत घेऊन गेला. झाकण उघडून टॉर्च मारला. प्रोसेसरच्या कडेला कपॅसिटरांची रांग असते, डोक्यावर खाच असलेली इवलीइवली नळकांडी. त्यांची डोकी सपाट हवीत. माझ्या बोर्डावरची पाच घुमटासारखी फुगली होती आणि एकाच्या खाचेतून तपकिरी चिकट काहीतरी ओघळून वाळलं होतं. त्या वर्षांत खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर कितीतरी कंपन्यांच्या बोर्डांवर आले होते, माझा बोर्ड त्यातलाच असणार. पण शेवटचा दणका दिला तो त्या हलक्या डब्यानं.

म्हणून एसएमपीएस घेताना स्टिकरवरचा मोठा आकडा बघायचा नाही, खालचा तक्ता वाचायचा. आजच्या कॉम्प्युटरात प्रोसेसर आणि कार्ड, म्हणजे खरे खादाड, दोघंही १२ व्होल्टच्या लाइनवरच जगतात. त्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघ आणि १२ नं गुण. ५४ अँपिअर असतील तर ६४८ वॅट, म्हणजे ६५० म्हणणारा खरं बोलतोय. ३८ असतील तर ४५६, बाकीचं सगळं स्टिकरवरचं शौर्य. ‘गोल्ड’ वाचून तू हुरळशील, म्हणून तेही सांगते. ८० प्लसचा बिल्ला फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत गोल्डला अर्ध्या लोडवर ९० टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. आत शॉर्टसर्किट किंवा जास्त व्होल्टेज झालं तर तो वेळेवर बंद होईल का, हे बिल्ला सांगत नाही. त्यासाठी कुणीतरी उघडून, लोड देऊन तपासलेला रिव्ह्यू वाच आणि वॉरंटी बघ. चांगल्या एसएमपीएसला सात ते दहा वर्षांची मिळते. दहा वर्षं म्हणजे तुझी दोन कार्डं येऊन जातील, हा तिथेच असेल.

६५० वॅट मात्र बरोबर निवडलेस. पुढे सांगणार आहे तो सहा कोरचा प्रोसेसर शंभर वॅटच्या आसपास आणि कार्ड दोनशेच्या आसपास धरलं, तरी पुढच्या कार्डाला जागा उरते. कार्डं क्षणभरासाठी सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारतात. त्या उसळ्या झेलण्याचा नियम एसएमपीएसच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात आला, तेव्हा त्या किंवा त्यानंतरच्या आवृत्तीचाच घे. आणि मॉड्युलर, म्हणजे सुट्या होणाऱ्या केबलींचा, घेतलास तर त्याच्या केबल त्याच्यासोबतच ठेवायच्या. दुसऱ्या कंपनीची केबल एसएमपीएसच्या टोकाला बसते, अगदी टक् आवाज करून बसते, पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी असते आणि ते कळतं डिस्क जळल्यावर.

आता मदरबोर्ड. इथे मी तुझ्याशी थोडी भांडणार आहे. एएमडीचं एएम४ सॉकेट आठव, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. २०१७ मध्ये ज्यांनी एएमडीचा पहिला रायझन प्रोसेसर घेतला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी २०२२ मध्ये बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून त्याच बोर्डात रायझन ५८००एक्स३डी बसवला. गेम खेळण्यात तो त्या वर्षीच्या सगळ्यात वेगवान प्रोसेसरांपैकी होता. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेटही तेच, स्क्रू चारच काढले. इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये १२ व्या पिढीपासून १४ व्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर बसले आणि २०२४ मध्ये नवीन सॉकेट आलं. प्रोसेसर वाईट नाहीत ते, पण तू ‘टिकाऊ’ हा शब्द यादीच्या डोक्यावर लिहिलायस आणि टिकण्याचा हिशोब सॉकेटमध्ये असतो. एएम५ २०२२ मध्ये आलं, त्यात रायझनच्या ७००० आणि ९००० दोन्ही मालिका बसतात. त्यावर आज साधा सहा कोरचा घे. सोळा कोर व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला लागतात, गेम त्यातले अर्धे बसवून ठेवतो. चार वर्षांनी, ३डी कॅशवाले, म्हणजे चिपवरच जास्तीची मेमरी असलेले, प्रोसेसर उतरत्या भावात मिळू लागले की एक संध्याकाळ खर्च करून बदल.

पैसे फारच ताणले गेले तर एएम४ वर रायझन ५६०० आणि जुन्या पिढीची डीडीआर४ रॅम हाही रस्ता आहे. आजही छान चालतो. फक्त तो रस्ता पुढे बंद आहे हे माहीत असून घ्यायचा.

प्रोसेसरमध्ये वाचलेले पैसे कुठे घालायचे हे विचारशील, तर कार्डाच्या आधी मॉनिटरचं बोलू. घरातला मॉनिटर १९२० बाय १०८०, म्हणजे पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. १४४० पी, म्हणजे २५६० बाय १४४०, वर तेच ३६ लाख ८६ हजार ४०० होतात, जवळजवळ पावणेदोन पट आणि थोडे वर. ४के म्हणजे सरळ चौपट. कार्डाला दर फ्रेमला एवढे ठिपके रंगवायचे असतात. तेव्हा मॉनिटर ठरवल्याशिवाय कार्ड निवडणं म्हणजे भिंत न मोजता रंग आणणं. दोन वर्षं याच मॉनिटरवर खेळणार असशील तर मधल्या फळीतलं कार्ड पुरे आणि मग महागडं घेऊन ते सेकंदाला साठच चित्रं दाखवणाऱ्या (साठ हर्ट्झच्या) पडद्यामागे बसवू नकोस. लगेच १४४० पी घ्यायचा असेल तर तो पैसा आत्ताच बाजूला काढ. मॉनिटर कार्डापेक्षा जास्त जगतो.

कार्डात एक गोष्ट मात्र सोडू नकोस, मेमरी. तू लिहिलेलं ८ जीबीचं आहे. नव्या गेमांचे टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागांवरची चित्रं, त्यात मावले नाहीत की कार्ड ते मुख्य रॅममधून पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटवाटे ओढत बसतं आणि तो रस्ता कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा कितीतरी पट अरुंद. गंमत म्हणजे सरासरी एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा बरा दिसतो, पण वळण घेतलं की चित्र हिसका खातं. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० हे कार्ड एकाच नावानं ३ जीबी आणि ६ जीबीत मिळायचं. तीनवाल्याचे कोरही थोडे कमी होते, पण ते लवकर म्हातारं झालं ते मेमरीपायी. १२ किंवा १६ जीबीचं बघ, नवीन परवडत नसेल तर एक पिढी जुनं वापरलेलं बघ. वापरलेलं कार्ड घ्यायला माझी हरकत नाही, फक्त समोर अर्धा तास लोडवर चालवून, पंख्यांचा आवाज ऐकून घ्यायचं. वापरलेला एसएमपीएस आणि वापरलेली एसएसडी घरात आणायची नाही, यावर चर्चा नाही.

आणि कार्डाकडून दहा वर्षांची अपेक्षाही ठेवू नकोस. ते चार-पाच वर्षांनी बदलणारच, त्याला तसंच वागव.

बाकीचं पटकन. रॅम ३२ जीबी, पण १६ च्या दोन पट्ट्या, एक नको. दोन असल्या की दोन्ही चॅनल चालतात. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लाव आणि बायोसमध्ये एक्स्पो नावाची सेटिंग चालू कर, नाहीतर पट्ट्या पूर्ण वेगानं चालतच नाहीत. एसएसडी एक टीबीची, टीएलसी प्रकारच्या चिपची. सेकंदाला दहा हजार एमबीचा आकडा वाचून भुलू नकोस, गेम उघडायला फरक डोळ्यांना दिसत नाही.

लिक्विड कूलर काट. सहा कोरच्या प्रोसेसरला धातूच्या पट्ट्यांचा साधा एअर कूलर रग्गड होतो. त्यात बिघडणारी गोष्ट एकच, पंखा, आणि तो क्लिपा काढून दोन मिनिटांत बदलतो. लिक्विडचा पंप थकला की सगळंच फेकायचं. काचेच्या तोंडाचं कॅबिनेटही काट. सुंदर दिसतं, मान्य, पण हवा कुठून घेणार ते? पुढे जाळी, त्या जाळीमागे धूळ अडवणारी गाळणी, दोन पंखे आत ओढणारे आणि एक बाहेर फेकणारा. दिव्यांचे सहा पंखे कशाला गं? एक दिवा लाव हवा तर, टेबलावर.

तो जळला त्यानंतरचा माझा जुना कॉम्प्युटर बाबा अजून ‘चालतोय की’ म्हणून दाखवतात. चालतोच आहे. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. एकही भाग जळला नाही, तरी निवृत्त झाला. म्हणून आठ वर्षांचा हिशोब आज करून ठेवू नकोस, पुढची चार वर्षं आणि मग एक-एक भाग बदलायची सोय, एवढंच बघ.

जोडताना मी शेजारी बसेन, हात मागे बांधून. एक सांगून ठेवते, एएम५ च्या पिना प्रोसेसरवर नसतात, बोर्डावर असतात, केसाएवढ्या. प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. मग सॉकेटची दांडी खाली ओढताना ती चांगलीच जोर मागते आणि करकरते. पहिल्यांदा वाटतं, मोडलं. मोडत नाही. कूलर बसवण्याआधी त्याच्या तळाची पारदर्शक फिल्म मात्र काढ.

नवी यादी पाठव. या वेळी खालून वर लिही.

तुझी,
आई

ता.क. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या मागे नाही, कार्डाच्या मागे लावायची. हसू नकोस. मी दोन दिवस नव्या कार्डाला शिव्या देत होते.