फोन ठेवल्यानंतर

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास, पण आवाज आधी मी चढवला होता, हे कबूल. चष्मा घालवायचं ऑपरेशन करूच नकोस, असं मला म्हणायचं नव्हतं. दुसरीत फळ्यावरचं दिसेना म्हणून तू शेजारच्याच्या वहीत बघून लिहायचास आणि मी कॉपी करतोस म्हणून धपाटा घातला होता. चष्मा लागला त्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणालास, "आई, तुझ्या गालावर तीळ आहे!" तो धपाटा मला अजून छळतो. त्यामुळे चष्म्याचा कंटाळा मला समजतो.

मी फक्त विचारलं, डॉक्टर कसा निवडलास? तू म्हणालास, "लवकरची तारीख मिळाली, सवलतही आहे." तिथे माझं बिनसलं.

माझ्या डोळ्यांचं तुला ठाऊक आहे. तीन वर्षं मी नेमाने तपासायला जात होते. अक्षरं वाचायची, नंबर बदलायचा, डोळ्यातला दाब मोजायचा. दाब १८. साधारण १० ते २१ नॉर्मल धरतात, म्हणून सगळे खूश. बाहुली मोठी करायचे थेंब घालून डोळ्यातून मेंदूकडे जाणारी आतली नस कुणी नीट पाहिलीच नाही. दाब नॉर्मल असूनही काचबिंदूने नस झिजू शकते, हे मला साठीला आल्यावर कळलं. गेलेली नजर परत येत नाही. ज्या बाईंनी शेवटी ओळखलं त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "घरात कुणाला होता?" आणि मला अप्पा आठवले, दाराच्या चौकटीला खांदा आपटणारे. पेपर वाचता यायचा, म्हणून डोळे ठणठणीत, माणूसच धांदरट, असं आम्ही धरून चाललो. हसायचो रे आम्ही. विजू तर नक्कल करायचा.

काचबिंदू आई-वडिलांना किंवा भावंडांना असला की धोका वाढतो. उणे नंबर मोठा असला तर आणखी. तुझ्याकडे दोन्ही आहे. एक माझ्याकडून आलं, दुसरं बाबांना विचार.

म्हणून म्हणते, आधी नस बघून घे. दाब, फील्ड टेस्ट (बाजूबाजूचं किती दिसतं ते बघतात ती), नसेचं स्कॅन, सगळे कागद जपून ठेव. लेसिकमध्ये, म्हणजे तुझ्या या लेझरच्या ऑपरेशनमध्ये, कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) पातळ होतो आणि मग मशीनवर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. दहा वर्षांनी कुणी "१४, उत्तम" म्हणेल आणि तू माझ्यासारखा खूश होऊन घरी येशील. पुढे कुठल्याही नवीन डॉक्टरांना लेसिक झालंय हे त्यांनी न विचारताही सांग. आणि आता ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचार, "तुम्ही कुणाला नाही म्हणता?" कॉर्निया पातळ असेल, शंकूसारखा पुढे येत असेल, नंबर अजून हलत असेल तर नाही म्हणायलाच हवं. जो कुणालाच नाही म्हणत नाही, त्याच्याकडे जाऊ नकोस. तपासणी ते स्वतः करतात की मदतनिसावर सोडतात, नंतर रात्री-बेरात्री दुखलं तर कोण बघणार, हेही विचार. आणि चष्मा गेला तरी डोळा आतून लांबटच राहतो. डोळ्याच्या मागचा पडदा सुटण्याची भीती जात नाही. वीज चमकल्यासारखं झालं, अचानक काळे ठिपके वाढले, तर त्याच दिवशी...

झालं, व्याख्यान सुरू झालं माझं. माफ कर. एवढी मोठी जबाबदारी एकटा पेलतोस, आणि मी तुला दुसरीतलाच समजते. पगारातून स्वतः पैसे साठवलेस, हे मी सगळ्यांना सांगत असते. तुला सांगायचंच राहून गेलं.

पण नस बघून घे.

थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं. गाडी चालवू नकोस, कुणाला तरी सोबत ने. कुणी नसेल तर मी येते. माझी डावी बाजू जरा कमी आहे, तुला धूसर दिसेल. दोघं मिळून रस्ता ओलांडू.

तुझी,
आई

ता. क. पत्राला उत्तर नको. नस बघितली का, हो की नाही, एवढंच कळव.