मताधिक्याच्या पलीकडचे आकडे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

लोकसभेच्या निकालाची चर्चा मताधिक्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. नागपुरातून नितीन गडकरी २०१४, २०१९ व २०२४ असे सलग तीनदा निवडून आले. त्यांचे मताधिक्य मात्र सुमारे २ लाख ८५ हजारांवरून २ लाख १६ हजारांवर आणि पुढे १ लाख ३७ हजारांवर आले. याहून महत्त्वाचा आकडा मतदानाचा आहे. १९ एप्रिल २०२४ रोजी येथे जेमतेम ५४ टक्के मतदान झाले. सर्वाधिक मते मिळवणारा विजयी या आपल्या पद्धतीत, झालेल्या मतदानापैकी निम्म्याहून अधिक मते घेणाऱ्या उमेदवारालाही एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी तीस टक्क्यांहून कमी जणांचाच कौल मिळाला. यात विजयी उमेदवाराचा दोष नाही, हे उघड आहे.

दोष थोडा उन्हाचा, थोडा आळसाचा आणि बराचसा मतदारयादीचा आहे. आमच्याच इमारतीत पतीचे नाव एका केंद्रावर, तर पत्नीचे दुसऱ्याच शाळेत निघाले. शेजारच्या आजोबांचे नाव यादीत सापडलेच नाही आणि ते मतदान न करताच परतले.

नागपूर मतदारसंघातील सहाही विधानसभा क्षेत्रे शहरी आहेत. (हिंगणा व कामठी शहराला लागून असूनही रामटेकमध्ये मोडतात.) त्यामुळे मतदारयादीची घरोघरी पडताळणी येथे अवघड नाही. केंद्रनिहाय मते नमुना २० मध्ये, म्हणजे निवडणुकीच्या अंतिम निकालपत्रकात, नोंदलेली असतात. ती प्रभागांच्या नावांसह मराठीत उपलब्ध करून दिल्यास मतदान नेमके कुठे घटते, हे नागरिकांनाही तपासता येईल.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर